तोमारीचं शेवटचं यंत्र

सांगलीला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, कुणाचं लग्न होतं का? मग दुसरा अंदाज द्राक्षांचा, कारण मी नाशिकची. आमच्याकडची माणसं तिकडे गेली तर तासगावच्या बागा बघतात आणि परत येऊन, आहेत बऱ्या, पण आपली चव नाही, असं सांगतात. मी गेले होते व्हिडिओ गेमचं एक यंत्र बघायला. पंचेचाळिशीत, कॉलेजातून रजा काढून. मी बॅग भरत असताना नवऱ्याने एवढंच विचारलं, की तिथे खरोखर यंत्र आहे ना? मी म्हटलं, तेच बघायला चालले आहे.

तोमारी हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसेल, आणि त्यात त्यांची चूक नाही. ती एक जपानी कंपनी. माझ्या शाळेत ज्या दोन-चार घरांत गेमचं यंत्र होतं, त्या सगळ्यांकडे मोठ्या कंपनीचं. माझा मामा बोटीवर नोकरीला होता. त्याने सिंगापूरहून माझ्यासाठी तोमारी आणलं, दुकानात तेच स्वस्तात मिळालं म्हणून. अदलाबदल करायला वर्गात कुणाकडे त्याची सीडी नव्हती. तेच ते गेम मी इतक्या वेळा खेळले की त्यातल्या प्रत्येक भिंतीमागे काय आहे हे मला पाठ झालं. पुढे कमावती झाल्यावर माझ्या पैशाने घेतलं तेही तोमारीच, आणि त्यानंतरचंही. कंपनी दर वेळी हरायची. यंत्र चांगलं असायचं, पण दुकानदार ठेवायचे नाहीत, गेम करणारे वळून बघायचे नाहीत. शेवटी तिने यंत्रं करणंच बंद केलं. त्या बातमीने मी दोन दिवस नीट जेवले नव्हते, हे माझ्या सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात.

आता आम्ही उरलेले लोक फोनवरच्या एका ग्रुपमध्ये आहोत. नाव 'तोमारी मंडळ'. लातूर, नागपूर, सावंतवाडी, कुठकुठचे. कुणाच्या यंत्राची लेन्स गेली, कुणाला जुनी सीडी सापडली, असल्या गप्पा. त्या मंडळात सांगलीच्या एका सभासदाने लिहिलं की तोमारीचं शेवटचं यंत्र, जे बाजारात आलंच नाही, ते माझ्याकडे आहे. सोबत एक धूसर फोटो. बघायचं असेल त्यांनी घरी यावं. हे लिहिणारे अण्णा चौगुले. त्या यंत्राची दंतकथा आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. कंपनीने यंत्रं बंद करण्याआधी नमुन्याची काही यंत्रं झाली होती म्हणे, पण ती पाहिलेला माणूस कुणाला भेटला नव्हता.

आधी मेढ्याचा संपत सांगलीला गेला. 'उद्या बघून येतो, सगळं सांगतो,' असं त्याने लिहिलं, आणि परत आल्यावर एक अक्षर न लिहिता मंडळ सोडलं. मग रहिमतपूरचा शिरीष गेला. हा दिवसभर विनोद टाकणारा माणूस. तोही परतला आणि बाहेर पडला. मंडळात चार-सहा महिने तर्क चालू राहिले. मला मात्र हसू येत नव्हतं. मी गणित शिकवते. मधल्या दोन पायऱ्या गाळून कुणी उत्तर मांडलं की मला आधी तो मुलगा कॉपी करतोय असंच वाटतं. मेढा आणि रहिमतपूर दोन्ही सातारा जिल्ह्यात, माझ्या वाटेवर. ठरवलं, आधी गाळलेल्या पायऱ्या बघायच्या, मग सांगली.

मेढा

साताऱ्यात उतरून कंदी पेढे घेतले. अनोळखी घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून, आणि हातात पेढे असले की समोरचा निदान दारात तरी उभं करतो म्हणून. मेढ्याची एसटी घाटातून वर चढते तशी हवा गार होत गेली. भात काढून झाले होते. खाचरांत नुसते बुडखे आणि घराघरापुढे पेंढ्याच्या गंजी. आमच्या इगतपुरीकडे असंच दिसतं, पण तिथे डोंगर उघडे आणि उंच. इथले अंगाने भरलेले, झाडीचे, गावाच्या अगदी पाठीशी येऊन बसलेले.

संपतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान स्टँडपासून जवळ होतं. दुकानात तो नव्हता, त्याची आई बसली होती. तिने मला नखशिखांत बघितलं.

'विम्याचं आसंल तर आमाला नगं.'

मी विम्याची नाही म्हटलं. मग तिने बचत गटाची आहे का विचारलं, मग निवडणुकीची. कशाचीच नाही म्हटल्यावर तिचा संशय उलट वाढला. एवढ्या लांबून, एकटी बाई, काहीच विकायला आणलेलं नाही, म्हणजे नक्की आली तरी कशाला. पेढ्यांचा पुडा तिने घेतला, पण उघडला नाही.

संपत आला. पस्तिशीचा, हडकुळा, मोठ्या डोळ्यांचा. मी नाव सांगितलं आणि तोमारी म्हटलं तेव्हा त्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच विझला. मागच्या बाजूला घर होतं, तिथे जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, इंद्रायणीचा वाफाळता भात. आमच्याकडे आमटी म्हटलं की काळा मसाला जिभेवर आधी येतो. इथे कांदा-लसणाचं तिखट मागून, घास गिळल्यावर कळतं. आई भात वाढत राहिली. जेवणारीवर तिचा संशय नव्हता, फक्त कामावर होता.

मी संपतला विचारलं, यंत्र बघितलंस का? बघितलं म्हणाला. कसं आहे? तुम्ही स्वतः बघा म्हणाला. मग ग्रुप का सोडलास?

'फोनची मेमरी भरली हुती, मॅडम.'

मोबाइल दुरुस्त करणारा माणूस हे सांगत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो भातात बोटं फिरवत राहिला.

परत दुकानातून बाहेर पडताना मला फळीवर एक लाकडी वस्तू दिसली. हाताच्या पकडीएवढी, डाव्या बाजूला उंचवटा. तोमारीच्या कंट्रोलरचा तो उंचवटा मी डोळे मिटून ओळखेन, तीस वर्षं माझा अंगठा तिथे आहे. पण कंपनीने लाकडी कंट्रोलर कधीच केला नव्हता. मी पुढे वाकले, तेवढ्यात संपतने सहज केल्यासारखं त्यावर वर्तमानपत्र टाकलं.

तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला, बॅग त्यानेच उचलली. आता कुठे, असं विचारलं. रहिमतपूर, शिरीषकडे, असं मी सांगितलं. 'बरं,' म्हणाला. एसटी हलली तेव्हा मी मागे वळून बघितलं. तो तिथेच उभा होता, कानाला फोन लावून.

रहिमतपूर

शिरीषला मी येणार हे कळवलेलं नव्हतं. साताऱ्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी रहिमतपुरात उतरले तर तो स्टँडवर मोटरसायकल घेऊन हजर. 'या मॅडम, प्रवास कसा झाला?' गोरा, गुबगुबीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघणारा. संपतने फोन केला हे त्याने लपवलंही नाही.

त्याचा धंदा फ्लेक्सचा. दुकानभर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेऊन उभे असलेले चेहरे होते, भावी नगरसेवक, आधारस्तंभ, युवकांचं आशास्थान, सगळे हात जोडून माझ्याकडे बघणारे. त्यांच्यामध्ये बसून आम्ही चहा प्यायलो. बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि ट्रॉलीतून ओघळलेला ऊस दोन म्हशी शांतपणे खात होत्या.

संपतच्या तोंडून शब्द निघत नव्हता, याच्या तोंडून तो थांबत नव्हता. यंत्र शंभर टक्के अस्सल. अण्णा म्हणजे देवमाणूस. मंडळ का सोडलं, तर तिथे फालतू लोक फार झाले होते. मी बघून यावं आणि चार लोकांना सांगावं. 'तुमचा शब्द सगळे मानतात, मॅडम. बाहेरच्या देशातले लोकसुद्धा तुमचं लिहिलेलं वाचतात.' हे खरं होतं. जुनी यंत्रं जमवणाऱ्यांच्या एका संकेतस्थळावर मी तोमारीबद्दल बरीच वर्षं लिहिते आहे. पण ते शिरीषला ठाऊक असावं, याचं मला जरा नवल वाटलं.

मग त्याने विचारलं, 'अस्सल तोमारी ओळखायचं म्हटलं तर तुम्ही सगळ्यात आधी काय बघता?'

हा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं असंच, हसत, सहज विचारल्यासारखं विचारतात, मॅडम, यंदा कुठल्या धड्यावर भर आहे? मी कप खाली ठेवला आणि मनात आलं ते सांगितलं. म्हटलं, यंत्र उलटं करायचं, वायर जिथे लागते त्याच्या बाजूला एक बारीक लाल ठिपका असतो. कारखान्यात तपासणी झाली की हाताने लावायचे. नकली करणाऱ्यांना तो माहीत नसतो.

असा ठिपका कुठल्याही तोमारीवर नाही. तो मी त्या क्षणी, त्या आधारस्तंभांच्या साक्षीने, तयार केला.

शिरीषने मान डोलावली आणि विषय रहिमतपूरच्या गुळाकडे नेला. मला स्टेशनवर सोडलं, गाडीत जागा मिळेपर्यंत थांबला. माणूस म्हणून वाईट नव्हता, हेच अवघड होतं.

विश्रामबाग

गाडी मधल्या एका स्टेशनात क्रॉसिंगसाठी इतकी थांबली की डब्यातल्या बायकांनी शेंगा फोडून संपवल्या आणि मला कुठली, कुणाची, मुलं किती, हे सगळं विचारून घेतलं. मी सांगलीत मैत्रिणीकडे चालले आहे असं सांगितलं. त्या प्रवासात मीही खोटं बोलायला सरावले होते.

विश्रामबागेत अण्णांचं घर शोधून दारात पोचले तोवर ऊन तिरकं झालं होतं. अण्णांच्या पत्नीने, सुनंदाताईंनी, मला पाणी दिलं आणि लगेच म्हणाल्या, हात धुवा, पानं घेतली आहेत. मी म्हटलं, एवढ्यात नको, मला भूक नाही. त्या म्हणाल्या, थोडं तरी खा, पण आत्ताच. त्या घाईचं मला काही कळेना. मेढ्यापासून माझं मन असं झालं होतं की कुणी ताट पुढे केलं तरी त्यामागे काय आहे असं वाटायचं. ताटावर बसल्यावर उलगडा झाला. जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवण. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, तोंडल्याची भाजी, ताक. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मी मनात ओशाळले. आमच्याकडे दहाच्या आधी पान वाढलं तर कुणी आजारी आहे का असं विचारतात. इथे जेवून उठले तरी खिडकीत उजेड होता आणि पुढची सबंध संध्याकाळ मोकळी पडलेली.

सुनंदाताई आवरता आवरता म्हणाल्या, शिरीष दुपारी येऊन गेला, गूळ देऊन. माझी गाडी क्रॉसिंगला उभी होती तेव्हा त्याची मोटरसायकल विश्रामबागेत होती.

अण्णा सत्तरीकडे झुकलेले, ताठ, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. थोडे अहंमन्य, आपल्या विषयावर दुसऱ्याला बोलू न देणारे. पण तोमारीचं पहिलं यंत्र त्यांनी कसं मिळवलं, मुलगी बोलायला शिकली नव्हती तेव्हापासून बाप-लेक कशी शेजारी बसून खेळायची, कंपनीने हात वर केले त्या दिवशी वर्गात ते मुलांवर कसे विनाकारण ओरडले, हे ऐकताना मी कशासाठी आले आहे ते विसरले. माझ्या गावातही मला असं बोलायला माणूस नाही.

यंत्र त्यांनी सकाळी दाखवलं. कपाटातून शालीत गुंडाळलेलं काढलं आणि टेबलावर ठेवलं. राखाडी, गुळगुळीत, झाकणावर तोमारीचं नाव जपानी अक्षरांत, शेजारी दोन कंट्रोलर. बटण दाबल्यावर तोमारीचा तो आवाज आला, पितळेच्या भांड्यात थेंब पडावा तसा. इतक्या वर्षांत हा आवाज नव्या यंत्रातून मी ऐकला नव्हता.

पडद्यावर माळ उघडला. मेंढरांचा कळप, एक कुत्रा, काठी घेतलेला एक माणूस. कळप पाण्यापर्यंत न्यायचा. सुंदर होतं. मी थोडं खेळले. मग वाटेवर एक झाड आलं, विरळ सावलीचं, काटेरी, आणि त्यामागून एक पक्षी ओरडत उडाला. टिटवी. झाड बाभळीचं होतं. टोकियोत बसून कुणाला बाभूळ आणि टिटवी सुचेल, असा विचार करत मी कंट्रोलर खाली ठेवला आणि अण्णांना विचारलं, उलटं करून बघू का?

वायरीच्या भोकाशेजारी लाल ठिपका होता. मी बोट लावलं तर बोटाला किंचित लाल लागलं.

'अण्णा, हा ठिपका कधीपासून आहे?'

त्यांनी चष्मा लावला, यंत्र खिडकीपाशी नेलं. 'ठिपका? कसला ठिपका?'

मी माणसांच्या चेहऱ्यावर फार विश्वास ठेवत नाही, पण त्या वेळी ठेवला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग मी त्यांना रहिमतपूरचा चहा आणि माझा ठिपका, दोन्ही सांगितलं. सुनंदाताई दारात उभ्या होत्या. काल मी गूळ किसत होते तेव्हा शिरीष या खोलीत एकटाच होता, असं त्या म्हणाल्या. अण्णा खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी यंत्राच्या कडेवरून अंगठा फिरवला.

'हे मी केलंय,' ते म्हणाले. 'कंपनीनं नाही.'

मग सगळं बाहेर आलं. शेवटच्या यंत्राबद्दल जेवढं वाचायला मिळालं होतं त्यावरून त्यांनी निवृत्तीनंतर ते स्वतः उभं केलं होतं. कंट्रोलरच्या साच्यासाठी आधी लाकडाचे नमुने केले, त्यातलाच एक मी मेढ्यात बघितला. संपत आला तेव्हा त्याने ओळखलं, भांडला, आणि पुढच्या रविवारी परत आला. गेम त्याने लिहिला. शिरीषने चित्रं काढली. त्याचं आजोळ आटपाडीकडचं, धनगराचं. लहानपणी तो सुट्टीत मामाच्या कळपामागे चालायचा. ती मेंढरं त्याच्या मामाची.

मी विचारलं, मग कंपनीचं नाव कशाला?

'सांगलीतल्या एका म्हाताऱ्यानं गेमचं यंत्र केलंय, असं लिहिलं असतं, तर तुम्ही नाशिकहून आला असता?'

नसते आले. त्यांना ते माझ्याकडे बघून कळलं. तरीही मला राग आवरेना. मी म्हटलं, तोमारी आयुष्यभर हरली, पण आपल्याशी खोटं कधी बोलली नाही. तिच्या नावावर तुम्ही बोललात. आणि तो ठिपका कुणासाठी आहे तेही सांगा.

परदेशातला एक संग्राहक होता. शिरीषने शोधलेला. त्याला ते शेवटचं यंत्र हवं होतं, मागाल ती किंमत देऊन, फक्त कुणीतरी जाणत्याने अस्सल म्हणून सांगायला हवं होतं. जाणतं म्हणून त्या संग्राहकाने माझंच नाव घेतलं होतं. मी अण्णांना विचारलं, तुम्ही हो म्हणालात? ते म्हणाले, हो म्हणालो नाही. थोड्या वेळाने म्हणाले, नाहीही म्हणालो नाही.

मी बॅग उचलली आणि बाहेर पडले.

कृष्णाकाठ

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून रिक्षावाल्याला नदीवर घे म्हटलं. घाटाच्या पायऱ्या लांबवर उतरत गेलेल्या, पाणी हिरवं आणि संथ. आमची गोदावरी नाशकात गर्दीत सापडलेली असते, तिला मी एकटी कधी बघितलेलीच नाही. इथे बराच वेळ फक्त मी आणि कपडे धुणाऱ्या दोघीजणी. भडंगाचा पुडा घेतला होता. खमंग होतं, तरी पुडा तसाच मांडीवर राहिला. राग अण्णांचा येत होता की स्वतःचा, ते कळत नव्हतं. ज्या कंपनीला मी कोण हे कधी माहीतही नव्हतं, तिच्या नावाची अब्रू मी का सांभाळत होते? आणि समोर जिवंत बसलेल्या माणसाने इतक्या वर्षांनी तो आवाज मला पुन्हा ऐकवला, त्याला पाठ दाखवून मी आले होते.

मागून कुणीतरी ताई म्हणून हाक मारली. संपत. मी सकाळी यंत्र बघणार हे सुनंदाताईंनी रात्री फोनवर सांगितलं, म्हणून तो पहाटेच मेढ्याहून निघाला होता. शिरीषलाही बोलावलं होतं त्यांनी. मी घाटावर असेन हे त्या रिक्षावाल्याकडून कळलं, तो अण्णांच्याच गल्लीतला. संपत दोन पायऱ्या खाली बसला, माझ्याकडे न बघता बोलू लागला.

'म्या बी असाच चिडून गेल्तो, ताई. पर घरी गेल्यावर ते यंत्रच डोळ्याम्होरं यायचं. ग्रुपवर खोटं लिवायला हात उठंना. खरं लिवावं तर अण्णांची आब जायाची. म्हणून भायेर पडलो.'

विकण्याचं तुला पटलं होतं का, मी विचारलं.

'न्हाई. पर म्या तोंड बी उघडलं न्हाई.' त्याने पाण्याकडे बघत मान हलवली. 'तुमी या परत. अण्णा लय गप झाल्यात.'

माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला असं म्हणणार नाही. मला घेऊन यायला पाठवलं असेल, हाही विचार आला. पण मी उठले.

अण्णा टेबलाशी बसले होते. यंत्र समोर, हातात पॉलिश पेपर. झाकणावरचं तोमारीचं नाव ते घासत होते, सावकाश, एकेक अक्षर. अर्धं गेलं होतं. शिरीष भिंतीला टेकून उभा, रडवेला.

'त्या नावाशिवाय हा नुसता डबा आहे, अण्णा,' तो म्हणाला.

'असू दे. डबा माझा आहे.'

त्यांचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. ज्या नावासाठी आयुष्यभर लोकांशी वाद घातले ते आपल्याच हाताने पुसायचं, हे काय असतं ते त्या खोलीत आम्हा सगळ्यांना कळत होतं, शिरीषलासुद्धा. तो म्हणाला, हे विकून पुढचं यंत्र करता आलं असतं, गावोगावच्या पोरांना देता आलं असतं. ते खरं असेलही. मी त्याला म्हटलं, माझ्या शब्दावर ते विकायचं होतं, मग मला सांगायचं होतंस. थोड्या वेळाने तो निघाला. फाटकाशी थांबून संपतला एवढंच म्हणाला की मेंढरांना हात लावू नकोस, ती आहेत तशीच राहू दे.

शेवटचं अक्षर गेल्यावर झाकणावर एक पांढुरका पट्टा उरला. मग सुनंदाताई पदराला हात पुसत आल्या, खुर्ची ओढली, एक कंट्रोलर स्वतः घेतला आणि दुसरा माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, 'दोघींचा कळप वेगळा निघतो. आधी पाण्यावर पोचेल ती जिंकली.'

मला वाटलं, बाईंचं मन राखायला जरा हळू खेळावं. माझी निम्मी मेंढरं काट्यात अडकली तेव्हा त्यांचा कळप पाणी पीत होता. त्या रोज जेवण झाल्यावर खेळायच्या, हे अण्णांनी मला नंतर सांगितलं. परत खेळलो. परत तेच. माझी गाडी केव्हाच गेली होती, आणि सूर्य मावळायच्या आत मला पुन्हा पानावर बसवण्यात आलं.

घरी

असं आणखी एखादं यंत्र आहे का, हे मी निघताना अण्णांना विचारलं होतं. नाही म्हणाले. संपत तेव्हा चप्पल शोधत होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही. रहिमतपूरच्या दुकानात, त्या हात जोडलेल्या चेहऱ्यांमागे, दुसरं यंत्र नाही असं मी मानायचं ठरवलं आहे. खात्री आहे असं म्हणवत नाही. त्या संग्राहकाला मात्र, अण्णांकडून पत्ता घेऊन, मी घरी पोचल्याबरोबर सगळं लिहून कळवलं.

रविवारी अण्णांचा आवाज मंडळावर आला. टाइप न करता ते बोलले होते. मी अण्णा चौगुले, विश्रामबाग, सांगली. यंत्र कंपनीचं नाही, मी केलेलं आहे. आधी खोटं लिहिलं, त्याबद्दल माफी मागतो. गेम संपत यांचा, चित्रं शिरीष यांची. एवढंच. शेवटी मागे भांडं पडल्याचा आवाज.

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. मनात म्हटलं, आता एकेक जण बाहेर पडेल, किंवा शिव्या देईल, आणि द्यायचा त्यांना हक्क आहे. दोघे गेलेही. मग लातूरच्या एका सभासदाने विचारलं, दोघांना मिळून खेळता येतं का?

अण्णांनी उत्तर द्यायच्या आत मी लिहिलं, येतं. मी हरून आले आहे.